अनिर्णित शेवटाचा उलगडा कसा करावा?

मानसिक रहस्यपट पाहून चित्रपटगृहाबाहेर पडलेल्या, अथवा अलीकडच्या रिवाजाप्रमाणे घरातल्याच पडद्यावर तो संपवून दिवा लावणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न हटकून उरतो, आणि तोच प्रश्न वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर अशा नवी मुंबईच्या निरनिराळ्या नोडांतील वाचक आम्हांस वारंवार विचारीत असतात : शेवटी नेमके झाले तरी काय? या प्रश्नासोबत ज्या चित्रपटाचे नाव हमखास येते, तो श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' होय. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला, त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तेलुगू, मल्याळम व तमिळ भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. परंतु त्याच्या शेवटच्या काही मिनिटांविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही. एकाच घरात वडिलांचा निर्णय एक, मुलीचा दुसरा, आणि जेवण होईपर्यंत दोघांचाही आवाज चढलेला, असे चित्र अनेक वाचकांनी कळविले आहे.

संस्कृत नाट्यशास्त्राने निर्वहण नावाचा जो पाचवा संधी सांगितला, त्यात कथेचे विखुरलेले सर्व धागे एकत्र यावेत अशी अपेक्षा आहे. आणि वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बसून तिसऱ्या अंकाची वाट पाहणाऱ्या आपल्या प्रेक्षकाच्या मनातही पिढ्यान्‌पिढ्या हीच अपेक्षा रुजलेली आहे. ती पुरी झाली नाही की आपली फसवणूक झाली असे वाटते. ही भावना स्वाभाविक असली, तरी तिच्या भरात दिलेला निकाल बहुधा टिकत नाही. यास्तव अशा शेवटाचा विचार कोणत्या क्रमाने करावा, कोणता पुरावा ग्राह्य धरावा, कोणत्या चुका टाळाव्यात आणि प्रेक्षक या नात्याने आपले हक्क कोणते, हे येथे 'अंधाधुन'चाच दाखला घेऊन सांगावयाचे योजिले आहे. या लेखात 'अंधाधुन'बरोबरच 'कौन' व 'शटर आयलंड' यांच्याही शेवटाचा उल्लेख येतो. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत, त्यांनी आधी पाहावेत आणि मग पुढे वाचावे, अशी विनंती आहे.

पायरी पहिली : नेमके काय झाकले आहे, ते ठरवा

'शेवट कळला नाही' ही तक्रार फार मोघम आहे. जी गोष्ट आपणांस कळली नाही तिचे स्वरूप निश्चित केल्यावाचून पुढे जाऊ नये. अशा शेवटांच्या साधारणतः चार जाती आढळतात.

- घटना झाकणारा शेवट. एखादी गोष्ट घडली की नाही, हेच सांगितलेले नसते. 'अंधाधुन' या जातीचा आहे.
- हेतू झाकणारा शेवट. घडले ते स्पष्ट असते, परंतु पात्राने ते समजून-उमजून केले की नाही, हे उघड होत नाही. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'शटर आयलंड' (२०१०) मध्ये नायक पुन्हा भ्रमात गेला, की शुद्धीवर असूनही त्याने आपला विनाश पत्करला, एवढाच प्रश्न उरतो.
- ओळख झाकणारा शेवट. राम गोपाल वर्मा यांच्या 'कौन' (१९९९) मध्ये खून कोणी केले ते शेवटी समजते. पण ऊर्मिला मातोंडकर यांनी साकारलेली ती स्त्री मुळात आहे कोण, तिचे नाव काय, हे चित्रपट अखेरपर्यंत सांगत नाही.
- साक्षींचा मेळ न घालणारा शेवट. अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन' (१९५०) मध्ये एकाच मृत्यूची परस्परविरुद्ध कथने समोर येतात आणि त्यांतील कोणत्याही एकावर चित्रपट शिक्कामोर्तब करीत नाही.

यांखेरीज एक पाचवी शक्यताही लक्षात असू द्यावी : लेखकाला शेवट जमलाच नाही आणि त्याने तो धुक्यात सोडून दिला. हेतुतः मोकळा ठेवलेला शेवट आणि नुसता कच्चा राहिलेला शेवट यांतील भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे. शेवटी जो प्रश्न उभा राहतो, त्याची तयारी चित्रपटाच्या पूर्वार्धात झाली होती काय, हे पाहावे. ज्या चित्रपटाचा नायक पहिल्यापासूनच आंधळेपणाचे सोंग करतो, त्याच्या शेवटी 'याला दिसते की नाही' हा प्रश्न उभा राहणे ही पूर्वयोजना आहे. अशी तयारी कोठेच आढळली नाही, तर चित्रपट फसला असे आपण निःसंकोच म्हणावे. प्रत्येक धूसरतेस गूढ मानण्याचे बंधन आपणांवर नाही.

प्रकरणाची हकीकत, थोडक्यात

पुण्यात राहणारा आकाश (आयुष्मान खुराना) हा पियानोवादक संगीतातील एकाग्रता वाढावी म्हणून आंधळा असल्याचे भासवितो. प्रमोद सिन्हा (अनिल धवन) या निवृत्त नटाच्या घरी वादनासाठी गेला असता त्याला तेथे त्या नटाचे प्रेत, त्याची पत्नी सिमी (तब्बू) आणि तिचा प्रियकर दिसतात. आणि 'दिसत नाही' हे सोंग कायम राखणे त्याला भाग पडते. फिर्याद द्यावयास तो पोलीस ठाण्यात जातो, तो तेथील इन्स्पेक्टर तोच प्रियकर निघतो. पुढे सिमीला संशय येतो आणि ती विषप्रयोग करून त्याला खरोखरीच आंधळा करते. अवयवांचा काळाबाजार करणारा डॉक्टर स्वामी (झाकीर हुसेन) अखेरीस त्याच्यापुढे प्रस्ताव मांडतो : गाडीच्या डिकीत बांधून ठेवलेल्या सिमीचे यकृत एका श्रीमंत गिऱ्हाइकास विकावे आणि तिच्या डोळ्यांतील कॉर्निया आकाशला बसवावेत.

येथे कथेचा धागा तुटतो. दोन वर्षांनंतर पोलंडमधील क्राको शहरात आकाश पियानो वाजवीत असतो. तेथे त्याची पूर्वीची प्रेयसी सोफी (राधिका आपटे) त्याला भेटते आणि तो तिला मधली हकीकत सांगतो. सिमीने डॉक्टरला मारले, गाडी ताब्यात घेतली, आकाशला रस्त्यावर उतरविले आणि मग त्याच्या अंगावर गाडी घालावयास ती वळली. तोच एका शिकाऱ्याच्या गोळीने बुजलेला ससा काचेवर आदळला आणि अपघातात ती मेली. सोफी म्हणते, डॉक्टरचे म्हणणे तू ऐकावयास हवे होतेस. आकाश काही बोलत नाही. तो काठी टेकीत बाहेर पडतो, आणि वाटेत पडलेला एक डबा काठीच्या टोल्याने अचूक बाजूला उडवितो. चित्रपट संपतो.

या योजनेचे मूळ ओलिव्हिए त्रेनेर यांच्या २०१० मधील फ्रेंच लघुपटात आहे. त्यातही एक पियानो सुरांत लावणारा इसम आंधळ्याचे सोंग करतो, आणि तो वाचला की मेला हे न सांगताच तो लघुपट थांबतो. मोकळा शेवट हा या कथेचा वारसाच आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

पायरी दुसरी : कागदावर तीन रकाने आखा

पंचनामा लिहिणारा अंमलदार डोळ्यांपुढील वस्तू, शेजाऱ्यांची जबानी आणि स्वतःचा तर्क यांची सरमिसळ होऊ देत नाही; प्रेक्षकानेही नेमके हेच पथ्य पाळावे. वादाचा मोठा भाग या सरमिसळीतूनच उद्‌भवतो. एक कागद घेऊन त्यावर तीन रकाने आखावेत आणि आठवणारी प्रत्येक गोष्ट त्यांपैकी एकातच नोंदवावी. 'अंधाधुन'पुरता हा तक्ता येणेप्रमाणे होईल.

1. कॅमेऱ्याने स्वतः दाखविलेले. आरंभी कोबीच्या शेतात एका डोळ्याने अधू असलेला ससा आणि त्याच्या मागावर असलेला शिकारी, गाडीत डॉक्टरने मांडलेला प्रस्ताव, क्राकोमधील भेट, सशाच्या डोक्याच्या आकाराची मूठ असलेली आकाशची काठी, आणि उडविलेला डबा.
2. पात्राने सांगितलेले. सिमीने डॉक्टरला मारणे, गाडी वळविणे, ससा काचेवर आदळणे, अपघात. हे सर्व आपण पडद्यावर पाहतो खरे. परंतु ते आकाशच्या कथनाच्या ओघात पाहतो, हे विसरू नये.
3. आपण अनुमानलेले. आकाशला दिसते, त्याने सिमीचे डोळे घेतले, तो सोफीशी खोटे बोलला, किंवा डबा निव्वळ योगायोगाने लागला.

दुसऱ्या रकान्याची मर्यादा पुष्कळांच्या नजरेतून सुटते. पडद्यावर जे दिसले ते घडलेच, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः पात्राच्या कथनाबरोबर येणारी दृश्ये ही त्या पात्राची कैफियत असते, आणि तिचे मोल त्या पात्राच्या सचोटीहून अधिक नसते.

पायरी तिसरी : जबानी देणाराची पारख करा

कथनकर्ता विश्वसनीय आहे की नाही, हे ठरविण्यासाठी आपण तीन प्रश्न विचारावेत.

- त्याला हे कसे ठाऊक? आकाशच्याच सांगण्याप्रमाणे तो त्या वेळी आंधळा होता. डिकीपाशी झालेली झटापट, गाडी चालविणारी व्यक्ती, उडी मारणारा ससा, यांतील काहीही पाहणे त्याला शक्य नव्हते. त्याला फार तर बंदुकीचा आवाज आणि गाडी आदळल्याचा आवाज ऐकू आला असेल. मग या हकीकतीत एवढा तपशील कोठून आला?
- त्याचा लाभ कशात? सोफी त्याला सोडून गेली ती त्याच्या खोटेपणामुळे. तिच्यापुढे निर्दोष ठरण्याची इच्छा त्याला असणे अगदी संभवनीय आहे. आणि त्याने सांगितलेल्या हकीकतीत त्याच्या हाताला रक्ताचा एकही डाग लागत नाही.
- त्याचा पूर्वेतिहास काय? हा मनुष्य चित्रपटाच्या पहिल्या भागात दिवसच्या दिवस आंधळेपणाचे नाटक करीत होता, आणि ते शेजाऱ्यांच्या, श्रोत्यांच्या व प्रेयसीच्याही गळी उतरले होते.

एवढ्यावरून त्याची जबानी सपशेल फेटाळावी काय? नाही, कारण बचावाच्या बाजूनेही एक वजनदार मुद्दा आहे. ससा व शिकारी चित्रपटाने अगदी आरंभीच, आकाशचे कथन सुरू होण्याच्या कितीतरी आधी, दाखविलेले आहेत. म्हणजे ते केवळ त्याच्या कल्पनेतून निघाले असे म्हणता येत नाही. शिवाय कथनासोबतच्या दृश्यांत दिग्दर्शक आपल्या वतीने तपशील भरू शकतो, हा सिनेमाचा सर्वमान्य संकेत आहे. उलटपक्षी असेही म्हणता येईल की, ज्याच्या काठीच्या मुठीवरच ससा कोरलेला आहे, त्याला हकीकतीत ससा आणावयास दूर जावे लागत नाही. आणि आरंभीचे दृश्यही त्याच रचलेल्या कथेचा पहिला अध्याय असू शकेल. दोन्ही बाजू कागदावर मांडल्यावाचून निकालाकडे वळू नये.

पायरी चौथी : सर्व पर्याय मांडून तोला

आपल्या मनाला प्रथम पटलेला एकच पर्याय घेऊन त्याचे समर्थन शोधीत बसण्यापेक्षा, संभवनीय असे सर्व पर्याय एकाखाली एक लिहावेत आणि प्रत्येकास दोन प्रश्न विचारावेत : हा मानल्यास कोणत्या गोष्टींचा खुलासा होतो, आणि कोणत्या गोष्टी निराधार राहतात?

1. आकाश खरे बोलतो आणि अद्याप आंधळाच आहे. आरंभीच्या सशाचा खुलासा होतो. पण अखेरचा डबा हा निव्वळ अपघात मानावा लागतो, आणि दिग्दर्शकाने चित्रपटाची शेवटची कृती एका अपघातास बहाल केली, असे म्हणण्याची पाळी येते. हा पर्याय दुबळा आहे.
2. आकाशने डॉक्टरचा प्रस्ताव स्वीकारला. सिमीच्या डोळ्यांनी तो पाहतो आहे आणि सोफीला त्याने बनावट हकीकत सांगितली. डबा, काठी, कथनातील अशक्य तपशील, सोफीच्या बोलण्यावरील त्याचे मौन, या सर्वांचा मेळ बसतो. आरंभीच्या सशाचा अर्थ मात्र नव्याने लावावा लागतो.
3. अपघात खरा घडला. दृष्टी मात्र त्याला अन्य मार्गाने, पुढे केव्हातरी मिळाली. ससा व डबा दोन्ही सांभाळले जातात. परंतु त्या 'अन्य मार्गा'चा चित्रपटात कोठेही मागमूस नाही. तो आपण पदरचा घालतो.
4. विषप्रयोगाने तो आंधळा झालाच नव्हता. दुसरे आंधळेपणही सोंगच होते. ऐकावयास हे चतुर वाटते. पण त्यानंतरच्या प्रसंगांत, कोणी पाहत नसतानाही, चित्रपट त्याला चाचपडताना दाखवितो. पहिल्या रकान्यातील पुराव्याशी थेट विरोध येत असल्यामुळे हा पर्याय बाद करावा.

पहिल्या रकान्याशी विसंगत असलेला पर्याय कितीही मनोरम असला तरी टाकावा, आणि ज्यात आपल्या पदरची भर कमीत कमी घालावी लागते तो वर ठेवावा, एवढे दोन नियम या तोलणीस पुरे आहेत.

पुन्हा पाहावयाचा असल्यास

पुष्कळ वाचक विचारतात की, संपूर्ण चित्रपट पुन्हा पाहणे अगत्याचे आहे काय? वेळ असेल तर अवश्य पाहावा. नसल्यास पुढील बेताने काम भागते.

- पहिल्यांदा पाहिल्यावर निदान एक रात्र जाऊ द्यावी आणि त्याआधीच आपले पहिले मत तारखेनिशी लिहून ठेवावे. मागाहून वाचलेली मते आपलीच होती असे मनाला सहज वाटू लागते.
- दुसऱ्यांदा आरंभीची दहा-पंधरा मिनिटे आणि अखेरची वीस मिनिटे लागोपाठ पाहावीत. मोकळ्या शेवटाची किल्ली बहुधा आरंभातच ठेवलेली असते; 'अंधाधुन'मधील ससा हे त्याचे ठळक उदाहरण होय.
- एकदा केवळ ध्वनीकडे लक्ष द्यावे. संवाद कोठे थांबतो, कोणत्या प्रश्नास उत्तर मिळत नाही, संगीत कोणत्या क्षणी बदलते, हे नोंदवावे.
- दोन प्रसंगांच्या सांध्याकडे पाहावे. गाडीतील प्रस्तावानंतर आकाशचे उत्तर ऐकू न देता कथा थेट दोन वर्षे पुढे जाते. जे उत्तर दाखविण्याचे टाळले आहे, त्यातच प्रश्न दडलेला आहे. या चित्रपटाच्या संकलिका पूजा लढा सुरती या पटकथेच्याही सहलेखिका आहेत. तेव्हा हा तोडलेला सांधा विचारपूर्वक योजिलेला मानावयास प्रत्यवाय नाही.
- पाहावयाची प्रत पूर्ण लांबीची आहे याची खात्री करून घ्यावी. 'अंधाधुन' सव्वादोन तासांहून थोडा अधिक लांब आहे. दूरचित्रवाणीवर काटछाट झालेली प्रत पाहून शेवटावर मत देऊ नये.

टाळावयाच्या चुका

- दिग्दर्शकाच्या मुलाखतीस अंतिम हुकूम मानणे. चित्रपट पूर्ण होऊन लोकांपुढे आला की, त्याच्या कर्त्याचे म्हणणे ही एक आदरणीय साक्ष ठरते. मूळ दस्तऐवज चित्रपटच राहतो. राघवन यांनी पडद्यावर निर्णय दिलेला नाही, यालाच प्रमाण मानावे.
- अन्य भाषांतील आवृत्त्यांवरून मूळ चित्रपटाचा अर्थ लावणे. 'माएस्ट्रो' (तेलुगू, २०२१), 'भ्रमम्' (मल्याळम, २०२१) आणि 'अंधगन' (तमिळ, २०२४) हे त्या त्या दिग्दर्शकांनी लावलेले अर्थ आहेत. ते उद्‌बोधक आहेत, पुरावा नव्हेत.
- वैद्यकाच्या आधारे कथेचा निकाल लावणे. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, बिघडला असेल तरच त्याच्या रोपणाने दृष्टी येते. दृष्टिमज्जातंतूस इजा झाली असेल तर रोपणाचा उपयोग नसतो. विषाने आकाशच्या डोळ्याचा कोणता भाग निकामी झाला, याची चिकित्सा या चित्रपटाने केलेली नाही. कथेच्या जगात डॉक्टरचा प्रस्ताव शक्य मानला आहे, एवढे आपणांस पुरे.
- कथेतील अपराधास सौम्य करून पाहणे. दुसरा पर्याय स्वीकारणाऱ्यांनी त्याची किंमत ओळखावी. आपल्याकडे मानवी अवयवांच्या खरेदी-विक्रीस १९९४ च्या प्रत्यारोपण कायद्याने सक्त मनाई आहे, आणि नेत्रदान हे मृत्यूनंतर, नातलगांच्या संमतीनेच होते. जिवंत स्त्रीचे डोळे व यकृत काढून घेणे हा खून आहे. ती स्त्री स्वतः खुनी असल्याने त्यात फरक पडत नाही.
- पात्रांवर मनोविकाराचा शिक्का मारणे. 'मानसिक' हे विशेषण चित्रपटाच्या जातीचे आहे, पात्राच्या आजाराचे नव्हे. मनोविकार म्हणजे काय हे पडद्यावर पाहावयाचे असल्यास सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) पाहावा. अतुल कुलकर्णी यांनी त्यात स्किझोफ्रेनियाग्रस्त मनुष्य उभा केला आहे. रहस्यपटातील कपटास 'वेड' म्हणणे हा रुग्णांवर अन्याय आहे.
- एकाच वस्तूवर सर्व भार टाकणे. काठीची मूठ सूचक आहे. पण केवळ मुठीवरून निकाल देऊ नये. निरनिराळ्या जातींचे निदान दोन पुरावे एकाच दिशेस बोट दाखवीत असतील, तरच त्या दिशेने जावे.

चर्चा, लेखन आणि आपले हक्क

नवी मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांत सभागृहे आहेत, आणि हार्बर मार्गावर वाशीहून पनवेलपर्यंतच्या प्रवासात चित्रपटाची गोष्ट निघाली नाही असा दिवस विरळा. तेव्हा चर्चेच्या संदर्भात काही व्यावहारिक बाबी सांगणे अवश्य वाटते.

- सामूहिक प्रदर्शनास परवानगी लागते. आपल्या घरासाठी घेतलेल्या वर्गणीवर संस्थेच्या सभागृहात सर्व सभासदांना चित्रपट दाखविणे हे खाजगी पाहणे ठरत नाही. तसा मनोदय असल्यास हक्कधारकांकडून लेखी परवानगी घ्यावी. चित्रपट प्रत्येकाने घरी पाहून सभागृहात केवळ चर्चेसाठी जमण्यास कोणाचीच हरकत नाही, आणि बहुतेकांना हाच मार्ग सोयीचा पडेल.
- टीकेचा हक्क कायद्याने दिला आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२ अन्वये समीक्षेसाठी कलाकृतीचा वाजवी उपयोग करता येतो. शेवटाची चर्चा करणारा लेख लिहिण्यास, त्यात कथानक सांगण्यास व प्रतिकूल मत देण्यास कोणाची पूर्वसंमती लागत नाही.
- चित्रपटगृहात चित्रण करू नये. शेवट पुन्हा तपासण्यासाठी म्हणून मोबाईलवर पडदा टिपणे हा २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली गुन्हा आहे. त्यास तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो.
- न पाहिलेल्यांचा हक्क राखावा. चर्चेच्या आरंभी कोणी चित्रपट पाहावयाचा राहिला आहे काय, हे विचारावे; असल्यास त्यांना उठून जाण्याची संधी द्यावी.
- प्रत्येक मतास आधार मागावा. 'मला असे वाटते' हे चर्चेत पुरेसे नाही. 'अमुक प्रसंगात अमुक दिसते, म्हणून मला असे वाटते' एवढे प्रत्येकाने म्हणावे. वयाने वडील असलेल्यांनीही हा नियम पाळल्यास धाकट्यांना धीर येतो.
- निर्णय न देण्याचा हक्क आपला आहे. पुरावे सारख्या वजनाचे वाटले, तर प्रश्न मोकळा ठेवावा. मात्र 'काहीही अर्थ लावता येतो' असे म्हणून विचार सोडून देणे आणि विचार करून 'येथे निर्णय होत नाही' असे ठरविणे, या दोहोंत महदंतर आहे.

निकाल कसा लिहावा, आणि आमचा निकाल

आपला निकाल एका वाक्यात कोंबू नये. सिद्ध, संभाव्य आणि अनिर्णित असे त्याचे तीन भाग करावेत. त्यामुळे वाद नेमका कोठे आहे ते उघड होते, आणि ज्या गोष्टीवर दोघांचे एकमत आहे तिच्यावरून भांडण्यात वेळ जात नाही. या पद्धतीने 'अंधाधुन'विषयी आमचे मत येणेप्रमाणे आहे.

सिद्ध : चित्रपटाच्या अखेरीस आकाशला दिसते. ज्या कथेचा आरंभ डोळस माणसाच्या आंधळेपणाच्या सोंगाने होतो, ती त्याच सोंगावर येऊन थांबते. आणि कोणाच्याही कथनाचा आधार न घेता कॅमेऱ्याने दाखविलेली शेवटची कृती या मताची साक्ष देते. यावरून हेही ओघानेच येते की, आपण आंधळे आहोत असे सोफीस भासवून त्याने निदान एवढ्यापुरती तिची फसवणूक केली.

संभाव्य : ही दृष्टी त्याला सिमीच्या डोळ्यांतून मिळाली. दृष्टी परत मिळण्याचा दुसरा कोणताही मार्ग चित्रपटाने आपल्यापुढे ठेवलेला नाही, आणि त्याच्या हकीकतीतील जो तपशील त्याला कळणे अशक्य होते, तो या मतास बळकटी देतो.

अनिर्णित : त्या रस्त्यावर अपघात झाला की नाही. आरंभीचा ससा आम्हांस येथे ठाम बोलू देत नाही, आणि त्याचा समाधानकारक खुलासा झाल्यावाचून दुसऱ्या भागास 'सिद्ध' म्हणण्याचा अधिकार आम्ही घेत नाही.

वाचकांपैकी ज्यांचे मत याहून भिन्न असेल, त्यांनी ते अवश्य राखावे. मात्र ते कोणत्या प्रसंगावर उभे आहे, हे कागदावर लिहून मगच घरातील दुसऱ्या माणसाशी वाद करावा. आणि पुढचा रहस्यपट पाहावयास बसताना पहिली दहा मिनिटे अंधारात चिवडा शोधण्यात घालवू नयेत. शेवटाचा निर्णय करण्यास लागणारा पुरावा पुष्कळदा तेथेच दिलेला असतो.